चाचण्यांची समांतर अंमलबजावणी

चाचण्यांची समांतर अंमलबजावणी ही सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रातील एक कार्यपद्धती आहे. या पद्धतीत एखाद्या सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचण्या एकामागून एक न चालवता त्यांचे गट पाडले जातात आणि हे गट एकाच वेळी प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर किंवा अनेक संगणकांवर चालवले जातात. चाचण्यांची संख्या अथवा त्यांतील तपासणीची काटेकोरता कमी न करता संपूर्ण चाचणी-संचाचा निकाल लवकर मिळवणे, हा या पद्धतीचा हेतू होय. एकूण काम तेवढेच राहते. प्रतीक्षेचा काळ मात्र घटतो. एकाच विषयाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा अनेक परीक्षकांत वाटून दिल्याने निकाल लवकर लागतो, त्याच तत्त्वावर ही पद्धत उभी आहे.

चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र असणे ही या पद्धतीची मूलभूत अट आहे. ही अट पाळली न गेल्यास वेग वाढतो, परंतु निकालाची विश्वासार्हता नष्ट होते. त्यामुळे समांतरीकरणाचे बहुतांश काम चाचण्या एकाच वेळी सुरू करण्याचे नसून त्या एकमेकींपासून विलग करण्याचे असते.

## संज्ञा व व्याप्ती

'समांतर चाचणी' ही संज्ञा संगणकक्षेत्रात दोन अर्थांनी वापरली जाते. पहिल्या अर्थानुसार एखाद्या संस्थेत नवी संगणक-प्रणाली आणताना जुनी व नवी अशा दोन्ही प्रणाली काही काळ सोबत चालवून त्यांचे निष्कर्ष ताडून पाहिले जातात. दुसरा अर्थ चाचण्या एकाच वेळी चालवण्याचा आहे. प्रस्तुत लेख या दुसऱ्या अर्थापुरता मर्यादित आहे.

अनेक धागे असलेल्या प्रोग्रामची चाचणी हाही याहून वेगळा विषय आहे. तेथे चाचणीचा विषयच समांतर असतो. येथे चाचणी चालवण्याची रीत समांतर असते.

## पार्श्वभूमी

स्वयंचलित चाचण्यांचा प्रसार १९९० च्या दशकाच्या अखेरीस वेगाने झाला. केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ मध्ये जावा भाषेसाठी जेयुनिट ही चौकट लिहिली आणि तिच्या धर्तीवर इतर भाषांतही अशा चौकटी निर्माण झाल्या. प्रत्येक बदलानंतर सर्व चाचण्या चालवाव्यात, ही शिस्त एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या कार्यपद्धतीने रुजवली. बेक यांच्या २००४ मधील मांडणीत संपूर्ण प्रणालीची बांधणी व सर्व चाचण्या दहा मिनिटांत पूर्ण व्हाव्यात, असा दंडक आढळतो. निकालाला याहून अधिक वेळ लागू लागला की माणसे चाचण्या चालवण्याचे टाळतात, असा त्यामागील विचार होता.

याच सुमारास संगणकांच्या रचनेतही बदल घडला. प्रोसेसरच्या ठोक्यांचा वेग वाढत राहण्याची गती मंदावली आणि २००५ पासून घरगुती संगणकांतही दोन गाभ्यांचे प्रोसेसर येऊ लागले. यापुढे एका धाग्यावर चालणारा प्रोग्राम केवळ नवा संगणक घेतल्याने पूर्वीसारखा वेगवान होणार नव्हता. एकामागून एक चालणारा चाचणी-संच आठ गाभ्यांच्या संगणकावरही बहुधा एकच गाभा वापरतो. उरलेले सात रिकामे राहतात.

समांतर अंमलबजावणीची साधने याआधीही उपलब्ध होती. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिलेल्या 'मेक' या साधनाच्या पुढील आवृत्त्यांत, विशेषतः जीएनयू मेकमध्ये, एकाच वेळी किती कामे चालवावीत हे सांगण्याची सोय आहे. चाचण्यांच्या चौकटींनी ही सोय क्रमाक्रमाने अंगीकारली. जँगो या पायथन चौकटीत ती डिसेंबर २०१५ मधील १.९ या आवृत्तीत, जेयुनिटमध्ये २०१८ मधील ५.३ या आवृत्तीत प्रायोगिक स्वरूपात, तर रुबी ऑन रेल्समध्ये २०१९ मधील ६.० या आवृत्तीत समाविष्ट झाली.

## कार्यपद्धती

समांतर अंमलबजावणी सामान्यतः तीन पातळ्यांवर केली जाते.

धाग्यांची पातळी. एकाच प्रक्रियेत अनेक धागे निर्माण करून प्रत्येक धाग्यावर वेगळी चाचणी चालवली जाते. धागा सुरू करण्यास फारसा वेळ वा मेमरी लागत नाही. तथापि, एका प्रक्रियेतील सर्व धाग्यांची मेमरी, पर्यावरण-चले आणि चालू फोल्डर सामाईक असतात. एका चाचणीने चालू फोल्डर बदलल्यास त्याच क्षणी इतर सर्व चाचण्यांचाही फोल्डर बदलतो.

प्रक्रियांची पातळी. एक नियंत्रक प्रक्रिया अनेक कामकरी प्रक्रिया सुरू करते व त्यांना चाचण्या वाटून देते. प्रत्येक प्रक्रियेची मेमरी स्वतंत्र असल्याने परस्परांवरील परिणाम बराच कमी होतो. त्याच्या मोबदल्यात प्रत्येक प्रक्रियेला आपापली पूर्वतयारी स्वतंत्रपणे करावी लागते आणि एकूण मेमरी अधिक लागते.

संगणकांची पातळी. चाचणी-संचाचे तुकडे पाडून ते वेगवेगळ्या संगणकांवर पाठवले जातात. अखंड एकत्रीकरणाच्या सेवांमध्ये ही रीत रूढ आहे. येथे विलगता सर्वाधिक असते. परंतु प्रत्येक संगणकावर सॉफ्टवेअरची मांडणी पुन्हा करावी लागते आणि निकाल शेवटी एकत्र जोडावे लागतात.

## वेगवृद्धीच्या मर्यादा

कामकऱ्यांची संख्या दुप्पट केली म्हणजे वेळ निम्मा होतो असे नाही. याचे मूळ कारण जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचारात आहे. तो ॲमडालचा नियम म्हणून ओळखला जातो. कामाचा 'स' इतका अंश समांतर करता येत असेल आणि कामकऱ्यांची संख्या 'न' असेल, तर

वेगवृद्धी = १ ÷ [(१ − स) + (स ÷ न)]

सॉफ्टवेअरचे संकलन, नमुना-माहिती भरणे, अहवाल एकत्र करणे अशा क्रमानेच कराव्या लागणाऱ्या कामांत एकूण वेळेचा १० टक्के भाग जात असल्यास ४ कामकऱ्यांनी सुमारे ३.१ पट, ८ कामकऱ्यांनी सुमारे ४.७ पट आणि १६ कामकऱ्यांनी ६.४ पट वेग मिळतो. कामकरी कितीही वाढवले तरी वेग १० पटींपर्यंत पोहोचत नाही. म्हणून काही टप्प्यांनंतर कामकरी वाढवण्यापेक्षा क्रमिक भाग आखूड करणे अधिक लाभदायक ठरते.

दुसरी मर्यादा साधनांची आहे. सर्व चाचण्या एकाच डिस्कवर लिहीत असतील किंवा एकाच डेटाबेसला प्रश्न विचारत असतील, तर गाभे मोकळे असूनही चाचण्या तेथे रांगेत उभ्या राहतात. याउलट, ज्या चाचण्यांचा बराचसा वेळ नेटवर्कच्या वा ब्राउझरच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो, त्यांच्यासाठी गाभ्यांच्या संख्येपेक्षा अधिक कामकरी ठेवणेही उपयुक्त ठरू शकते.

## चाचण्यांचे वाटप

एकूण वेळ सर्वांत शेवटी मोकळ्या होणाऱ्या कामकऱ्यावर ठरतो. त्यामुळे चाचण्या कोणत्या क्रमाने वाटल्या जातात याला महत्त्व असते. उदाहरणार्थ, एका संचातील आठ स्क्रिप्टना अनुक्रमे १२, ९, ७, ६, ५, ४, ३ व २ मिनिटे लागतात असे मानू. क्रमाने चालवल्यास त्यांना ४८ मिनिटे लागतील. चार कामकऱ्यांत, जो मोकळा होईल त्याला पुढील स्क्रिप्ट द्यायची असे ठरवल्यास पुढीलप्रमाणे वेळ लागतो:

* छोट्या स्क्रिप्ट आधी घेतल्यास: १७ मिनिटे
* मोठ्या स्क्रिप्ट आधी घेतल्यास: १३ मिनिटे
* सर्वोत्तम वाटणी केल्यास (१२, ९+३, ७+५, ६+४+२): १२ मिनिटे

छोट्या स्क्रिप्ट आधी घेतल्या असता १२ मिनिटांची स्क्रिप्ट पाचव्या मिनिटाला सुरू होते आणि तिच्यासाठी शेवटी इतर तिन्ही कामकरी थांबून राहतात. गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ व १९६९ मधील शोधनिबंधांत या प्रश्नाचा अभ्यास केला. कामे कोणत्याही क्रमाने दिली, तरी 'मोकळ्याला पुढचे काम' या रीतीने लागणारा वेळ सर्वोत्तम वाटणीच्या दुपटीपेक्षा कमीच राहतो; मोठी कामे आधी दिल्यास तो सर्वोत्तम वाटणीच्या चार-तृतीयांशापेक्षा अधिक होत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. सर्वोत्तम वाटणी शोधणे संगणनाच्या दृष्टीने अवघड असल्याने व्यवहारात मागील खेपेच्या वेळा नोंदवून ठेवणे आणि सर्वांत संथ चाचण्या आधी सुरू करणे, एवढाच उपाय सहसा पुरेसा मानला जातो.

वरील उदाहरणात आठ कामकरी नेमले तरी १२ मिनिटांपेक्षा कमी वेळ लागणे शक्य नाही, कारण सर्वांत मोठी स्क्रिप्ट तेवढा वेळ घेतेच. पुढील सुधारणेसाठी त्या स्क्रिप्टचेच भाग पाडावे लागतात.

## स्वातंत्र्याची अट

क्रमाने चालणाऱ्या संचात चाचण्यांमधील छुपे अवलंबन वर्षानुवर्षे झाकलेले राहू शकते. तिसऱ्या चाचणीने तयार केलेली फाईल सातवी चाचणी वाचत असेल, तर क्रम कायम असेपर्यंत दोन्ही यशस्वी होतात. क्रम मोडताच सातवी चाचणी अपयशी ठरते. वस्तुतः सॉफ्टवेअरमध्ये कोणताही दोष नसतो. अशा सामाईक गोष्टींचे प्रमुख प्रकार व त्यांवरील उपाय पुढीलप्रमाणे आहेत.

* फाईल व फोल्डर: ठरावीक नावाच्या तात्पुरत्या फाईलवर दोन चाचण्या एकाच वेळी लिहितात. उपाय म्हणून प्रत्येक चाचणीला स्वतःचा तात्पुरता फोल्डर दिला जातो.
* पोर्ट: एका संगणकावरील एकाच पत्त्यावर ठरावीक क्रमांकाचे पोर्ट एका वेळी सहसा एकच सर्व्हर वापरू शकतो. पोर्ट म्हणून शून्य हा क्रमांक मागितल्यास संचालन प्रणाली स्वतःच मोकळे पोर्ट निवडून देते.
* डेटाबेस: प्रत्येक कामकऱ्याला डेटाबेसची स्वतंत्र प्रत दिली जाते किंवा प्रत्येक चाचणी एका व्यवहारात गुंडाळून शेवटी तो व्यवहार मागे घेतला जातो. दुसरा उपाय परिपूर्ण नाही. पोस्टग्रेस-क्यूएलमध्ये व्यवहार मागे घेतला तरी पुढे सरकलेली क्रमांक-मालिका मागे येत नाही. त्यामुळे पहिल्या नोंदीचा क्रमांक १ असेल असे गृहीत धरणारी चाचणी कोलमडते.
* काळ व प्रतीक्षा: 'दोन सेकंद थांबून पाहा' अशा स्वरूपाच्या चाचण्या संगणकावरील भार वाढताच अपयशी होऊ लागतात. ठरावीक काळ थांबण्याऐवजी अपेक्षित स्थिती येईपर्यंत वारंवार तपासणे आणि त्याला कमाल मुदत घालणे अधिक सुरक्षित असते.
* बाह्य सेवा: एकच चाचणी-खाते वापरणाऱ्या चाचण्या परस्परांची माहिती पुसून टाकू शकतात.

ज्या चाचण्या विलग करणे शक्य नसते, त्या वेगळ्या गटात ठेवून शेवटी क्रमाने चालवल्या जातात. जेयुनिटमध्ये सामाईक साधनाचे नाव घोषित करून त्या साधनापुरते कुलूप लावण्याचीही सोय आहे.

## उदाहरण: गिटचा चाचणी-संच

लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये सुरू केलेल्या गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीचा चाचणी-संच हे शेल स्क्रिप्टच्या समांतर अंमलबजावणीचे ठळक उदाहरण आहे. या संचात शेकडो स्क्रिप्ट असून प्रत्येकीच्या नावात चार अंकी क्रमांक असतो. एका स्क्रिप्टमधील पायऱ्या क्रमाने चालतात व पुढील पायरी मागील पायरीवर अवलंबून असू शकते. स्क्रिप्ट मात्र परस्परांपासून स्वतंत्र असतात. म्हणजेच येथे समांतरतेचे एकक चाचणी नसून स्क्रिप्ट आहे.

हे स्वातंत्र्य सर्व स्क्रिप्टना सामाईक असलेल्या एका ग्रंथालय-फाईलद्वारे राखले जाते. प्रत्येक स्क्रिप्ट सुरू होताच तिच्या नावाचा एक टाकाऊ फोल्डर तयार होतो आणि सर्व काम त्याच्या आत चालते. वापरकर्त्याचा मूळ फोल्डर म्हणूनही तोच दाखवला जात असल्याने चालवणाऱ्याच्या वैयक्तिक मांडणीचा चाचणीवर परिणाम होत नाही. भाषा व कालविभाग ठरावीक ठेवले जातात. नोंदींसाठी खऱ्या घड्याळाऐवजी प्रत्येक वेळी ६० सेकंदांनी पुढे सरकणारी कृत्रिम वेळ वापरता येते. ज्या स्क्रिप्टना वेब सर्व्हर लागतो, त्यांना पोर्टचा क्रमांक स्क्रिप्टच्या क्रमांकावरून मिळतो. त्यामुळे दोन स्क्रिप्ट एकाच पोर्टसाठी भांडत नाहीत.

संच चालवण्यासाठी मेक किंवा पर्ल भाषेसोबत येणारे प्रूव्ह हे साधन वापरले जाते. दोहोंतही एकाच वेळी चालवायच्या कामांची संख्या देता येते. प्रूव्ह मागील खेपेच्या वेळा नोंदवून संथ स्क्रिप्ट आधी सुरू करू शकते. टाकाऊ फोल्डर डिस्कऐवजी मेमरीतील फाईल-व्यवस्थेत ठेवण्याचाही पर्याय आहे. या चाचण्या असंख्य लहान फाईल निर्माण करत असल्याने त्याने लक्षणीय फरक पडतो.

समांतरतेचा उपयोग येथे उलट दिशेनेही केला जातो. २०१९ पासून उपलब्ध असलेल्या 'स्ट्रेस' या पर्यायाने एकच स्क्रिप्ट अनेक प्रतींमध्ये एकाच वेळी, एखादी प्रत अपयशी ठरेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवता येते. क्वचितच प्रकट होणारा दोष मुद्दाम भार वाढवून उघड करणे, हा त्याचा हेतू आहे.

## विविध चौकटींतील सोयी

* पायटेस्ट (पायथन): एक्सडिस्ट या जोडणीद्वारे अनेक प्रक्रिया वापरल्या जातात. एका फाईलमधील सर्व चाचण्या एकाच कामकऱ्याकडे ठेवण्याचा पर्याय आहे.
* जँगो (पायथन): प्रत्येक प्रक्रियेसाठी चाचणी-डेटाबेसची स्वतंत्र प्रत केली जाते.
* गो: वेगवेगळी पॅकेजेस आपोआप समांतर चालतात, एका पॅकेजमधील चाचणीला मात्र आपण समांतर चालण्यास योग्य आहोत हे स्वतः घोषित करावे लागते.
* रस्ट: चाचण्या मुळातच अनेक धाग्यांवर चालतात, क्रमाने चालवायच्या असल्यास तसे सांगावे लागते.
* जेस्ट (जावास्क्रिप्ट): चाचणी-फाईल समांतर, तर एका फाईलमधील चाचण्या क्रमाने चालतात.
* सेलेनियम ग्रिड: ब्राउझर-चाचण्या अनेक संगणकांवर व अनेक ब्राउझरांत वाटून देते.

गो व रस्ट यांच्या भूमिकांतील भेद लक्षणीय आहे. रस्टमध्ये स्वातंत्र्य गृहीत धरले जाते, तर गोमध्ये पॅकेजच्या आत ते लेखकाला जाहीर करावे लागते.

## निकालाची विश्वासार्हता

अपयश हरवणे. शेल स्क्रिप्टमध्ये अनेक कामे पार्श्वभूमीत सोडून शेवटी केवळ 'वेट' ही आज्ञा दिल्यास ती सर्व कामे संपण्याची वाट पाहते. परंतु त्यांपैकी काही अपयशी ठरली तरी स्वतः यशाचाच संकेत देते. अशा रीतीने घाईने समांतर केलेला संच वेगवान व सदैव यशस्वी दिसू लागतो. हा सर्वांत घातक प्रकार होय, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक कामाचा प्रक्रिया-क्रमांक जपून त्या त्या क्रमांकाची स्वतंत्रपणे वाट पाहणे आणि त्याचा निर्गम-संकेत तपासणे, हा त्यावरील उपाय आहे. जीएनयू एक्सआर्ग्ज वा जीएनयू पॅरलल यांसारखी साधने अपयशाची दखल स्वतःच घेतात. एक्सआर्ग्जने सुरू केलेली एखादी आज्ञा सामान्य अपयश-संकेत देऊन संपल्यास ते अखेरीस १२३ हा संकेत देते.

अस्थिर चाचण्या. सॉफ्टवेअरमध्ये कोणताही बदल नसताना कधी यशस्वी, कधी अपयशी ठरणाऱ्या चाचण्यांना अस्थिर चाचण्या म्हणतात. गूगलच्या जॉन मिको यांनी २०१६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार त्या कंपनीच्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत काही ना काही अस्थिरता आढळली होती. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये अपाची प्रतिष्ठानच्या प्रकल्पांतील अशा चाचण्यांच्या दुरुस्त्या अभ्यासल्या. वर्गीकरण करता आलेल्या दुरुस्त्यांत प्रतीक्षेच्या चुकीच्या हाताळणीचा वाटा सुमारे ४५ टक्के, समवर्तित्वाच्या दोषांचा सुमारे २० टक्के, तर चाचण्यांच्या क्रमावरील अवलंबनाचा सुमारे १२ टक्के होता. ही तिन्ही कारणे समांतर अंमलबजावणीत अधिक ठळकपणे वर येतात.

अपयशी चाचणी आपोआप पुन्हा चालवून यश मिळाल्यास ती ग्राह्य धरण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. या प्रथेमुळे काम अडत नाही. परंतु सॉफ्टवेअरमधील खरा समवर्तित्वाचा दोषही त्यात दडपला जाऊ शकतो. निकालावरचा विश्वास उडाला की खरे अपयशही 'नेहमीचेच' म्हणून दुर्लक्षिले जाते.

## क्रमिक संचाचे संक्रमण

जुना, क्रमाने चालणारा संच समांतर करताना सामान्यतः पुढील टप्पे अनुसरले जातात.

१. प्रत्येक चाचणीचा वेळ मोजणे. काही मोजक्याच चाचण्या बहुतांश वेळ घेत असल्यास समांतरीकरणाआधी त्यांचीच सुधारणा केली जाते.
२. संच एकाच कामकऱ्यावर, पण यादृच्छिक क्रमाने चालवणे. त्यामुळे क्रमावरील अवलंबन समांतरतेच्या गुंतागुंतीविना उघड होते. क्रम ठरवणारा बीजांक नोंदवून ठेवल्यास तोच क्रम पुन्हा मिळवता येतो.
३. फोल्डर, पोर्ट व डेटाबेस विलग करणे.
४. दोन कामकऱ्यांपासून आरंभ करून संख्या हळूहळू वाढवणे व वेळ कमी होणे थांबेल तेथे थांबणे.
५. प्रत्येक कामकऱ्याचा निर्गम-मजकूर स्वतंत्र ठेवणे, अन्यथा अनेक चाचण्यांचे संदेश एकमेकांत मिसळून अपयशाचे कारण शोधणे दुरापास्त होते.
६. चाललेल्या चाचण्यांची एकूण संख्या क्रमिक संचाशी ताडून पाहणे.

शेवटचा टप्पा अनेकदा वगळला जातो. वाटपातील चुकीने एखादा गट कोणाच्याच वाट्याला न आल्यास संच अधिकच वेगवान झाल्याचा भास होतो.

## अनुपयुक्त प्रसंग

कार्यक्षमता मोजणाऱ्या चाचण्या समांतर चालवल्यास त्यांचे मोजमाप परस्परांच्या भाराने दूषित होते. गिटमध्येही अशा चाचण्या मुख्य संचापासून वेगळ्या फोल्डरात ठेवल्या आहेत. एकाच भौतिक उपकरणावर अवलंबून असलेल्या चाचण्यांनाही ही पद्धत लागू पडत नाही. काही सेकंदांत संपणाऱ्या लहान संचात कामकरी सुरू करण्यास लागणारा वेळ वाचलेल्या वेळेपेक्षा अधिक असू शकतो. रेल्सच्या अलीकडील आवृत्त्यांत चाचण्यांची संख्या ५० च्या आत असल्यास त्या आपोआप क्रमानेच चालवल्या जातात, त्यामागे हेच कारण आहे. भाड्याच्या संगणकांवर मिनिटांप्रमाणे आकारणी होत असल्यास प्रतीक्षेचा काळ घटला तरी खर्च घटत नाही. प्रत्येक संगणकावरील पूर्वतयारीमुळे तो उलट वाढतो.

## हेही पहा

* सॉफ्टवेअर चाचणी
* ॲमडालचा नियम
* अखंड एकत्रीकरण
* समांतर संगणन
* गिट